परक्याच्या पंगतीत

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे पूर्वी घरोघरी एकच विचार चाले, मुलांना आजोळी केव्हा धाडावयाचे. आता काळ पालटला आहे. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले सुट्टीचे दोन-तीन महिने एखाद्या कारखान्यात, कचेरीत अथवा प्रयोगशाळेत उमेदवारी करावयास जातात. तिला ती ‘इंटर्नशिप’ म्हणतात. कोणी पुण्यास जातो, कोणी सुरतेस, आणि एखाद्याचा योग थेट तैवानपर्यंत जुळून येतो. कारण तेथील शिक्षण खात्याने परदेशी विद्यार्थ्यांना अशा प्रशिक्षणासाठी बोलावण्याची योजनाच आखलेली आहे. बहुधा दोघे मित्र किंवा दोघी मैत्रिणी मिळून जातात, म्हणजे परमुलखात एकमेकांची सोबत होते.

मुलगा निघाला की आई विचारते, “तिथं खाशील काय?” बाप विचारतो, “तिथं वागशील कसा?” वरवर पाहता पहिला प्रश्न पोटाचा आणि दुसरा वर्तनाचा. परंतु आमच्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. परक्याने पुढे ठेवलेल्या ताटाशी मनुष्य कसा वागतो, यावरून तो त्या परक्याशी कसा वागेल हे पुष्कळसे कळून येते. आज याच गोष्टीचा वाचकांसमवेत थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम तैवानविषयी दोन शब्द. चीनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात वसलेले हे बेट सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या कोकणाहून फार मोठे नव्हे. वस्ती मात्र सव्वादोन कोटींहून अधिक आहे. आमच्या कित्येक वाचकांस हे नाव दूरचे वाटेल. पण सुरत शहराशी त्याचे जुने नाते आहे. डच व्यापाऱ्यांच्या कंपनीने १६१६ साली सुरतेस वखार घातली, आणि १६२४ साली त्याच कंपनीने तैवानच्या किनाऱ्यावर ठाणे वसवून पुढे तेथे झीलंडिया नावाचा किल्ला उभारला. १६६२ साली कोशिंगा नावाच्या चिनी सेनानीने तो किल्ला जिंकून घेतला. तोपर्यंत सुरत आणि तैवान ही दोन्ही ठिकाणे एकाच धन्याच्या वहीखात्यात होती.

तेथील स्वयंपाकघरही आपण समजतो तितके अनोळखी नाही. भात हे त्यांचे नित्याचे अन्न. सीताफळ तेथे उत्तम पिकते. त्याला ते लोक ‘शाक्य’ या शब्दाच्या चिनी रूपाने ओळखतात, कारण फळाची खवल्याखवल्यांची साल शाक्यमुनी बुद्धाच्या मूर्तीवरील कुरळ्या केसांसारखी दिसते. बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे तेथे शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आढळतात, आणि व्रतस्थ बौद्ध शाकाहारी मनुष्य कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य मानतो. सुरतेच्या जैन घरातील मुलाला आपल्या आईच्या हातचा नियम पाळणारे जेवण इतक्या दूर मिळावे, याचे कोणास नवल वाटणार नाही? १९८० नंतरच्या दशकात तेथे दुधाच्या थंड चहात साबुदाण्याच्या थोरल्या भावंडांसारख्या काळ्या गोळ्या घालून पिण्याची रीत निघाली. त्या गोळ्या आपल्या साबुदाण्याप्रमाणे टॅपिओकाच्याच. हा चहा आता जगभर विकला जातो.

पण सारेच इतके सोपे नाही. संध्याकाळ झाली की शहरांतून रात्रीचे बाजार भरतात. तेथे आंबवलेल्या सोयाबीनच्या पनिराचा एक पदार्थ तळतात. त्याचा दर्प असा की नवखा मनुष्य नाक दाबून पलीकडच्या रस्त्याने जावा. तेथील लोक तो मिटक्या मारीत खातात. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांनी मात्र हसण्याची घाई करू नये. आपल्या घरी चुलीत सुके बोंबील भाजले जातात तेव्हा पाहुण्याच्या मुद्रेवर काय उमटते, हे त्यांनी आठवून पाहावे. शिवाय जेवण दोन काड्यांनी करावयाचे, आणि त्या काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचावयाच्या नाहीत; कारण मृतांपुढे उदबत्त्या लावतात त्याची ती आठवण होते, आणि भरल्या पंगतीत ते अशुभ मानले जाते. नकळत एवढीशी चूक झाली तरी यजमानाच्या मनाला चटका बसतो.

अशा प्रसंगी पाहुण्याने कसे असावे? याचे उत्तर देण्यास चारशे वर्षांपूर्वीची एक खरी हकीकत आमच्या हाताशी आहे. तीही दोन मित्रांची. फरक इतकाच की तेव्हा परके ते होते आणि यजमान आपण होतो.

त्यांतील थोरला टॉमस कोर्याट. इंग्लंडातील ऑडकंब या खेड्याच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा. पायांना जणू चक्र लागलेले. १६०८ साली त्याने युरोपातील बराच प्रदेश पायांखाली घातला आणि परत आल्यावर आपले झिजलेले जोडे गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. इटलीत लोक मांसाचा तुकडा काट्याने धरून खातात हे पाहून तो स्वतःही काटा वापरू लागला. इंग्लंडात त्या वेळी बोटांनी जेवण्याचीच चाल होती, म्हणून मित्रांनी त्याची मनसोक्त थट्टा केली. आज साहेबी थाट म्हणून आपण ज्याकडे पाहतो तो काटा खुद्द साहेबाच्या देशात एके काळी परका होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे कोर्याट पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल आणि यरुशलेम पाहून तो अलेप्पोहून बहुतेक पायीच दहा महिन्यांत अजमेरला, जहांगीर बादशहाच्या छावणीत येऊन पोहोचला. ते साल १६१५. या दहा महिन्यांत त्याने अवघे तीन पौंड खर्च केले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

दुसरा मित्र एडवर्ड टेरी. हा ऑक्सफर्डला शिकलेला तरुण अँग्लिकन धर्मोपदेशक. १६१६ च्या सप्टेंबरात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो कंपनीच्या जहाजातून सुरतेजवळच्या सुवाली बंदरात उतरला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो त्या वेळी बादशहाच्या दरबारी होता. त्याच्या पदरचा धर्मोपदेशक नुकताच वारला होता; ती जागा टेरीला मिळाली. वकिलाच्या बिऱ्हाडी कोर्याटही येऊन राहिला आणि दोघे कधी एका खोलीत, कधी एका तंबूत राहू लागले. एक फिरस्ता, दुसरा पुस्तकी. एक चाळिशीकडे झुकलेला, दुसरा पंचविशी नुकती ओलांडलेला. कोर्याटविषयी आज आपणांस जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे टेरीने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात मित्रप्रेमाने नोंदविले म्हणूनच ठाऊक आहे. ते पुस्तक १६५५ साली छापले गेले.

टेरीने आपल्या देशाचे अन्न कसे चाखले ते पाहण्यासारखे आहे. भाताविषयी तो लिहितो की येथील लोक दाणा फुलेल, मऊ होईल, पण मोडणार नाही अशा बेताने शिजवितात आणि त्यात थोडे ओले आले, मिरी व लोणी घालतात. साधी माणसे जाड्याभरड्या धान्याची रुंद भाकर करतात आणि बरोबर बाळगलेल्या लहानशा वाटोळ्या लोखंडी तव्यावर ती भाजतात. ही भाकर रुचकर, पौष्टिक आणि पोटाला आधार देणारी आहे, असा तिला त्याने दाखला दिला आहे. मांसाचे बारीक तुकडे कांदा, आले, मसाला व लोणी घालून शिजविलेले त्याने खाल्ले. इतके चविष्ट कालवण आपण कधी चाखले नव्हते, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की याकोबाने आपल्या आंधळ्या पित्याचा आशीर्वाद मिळविण्यासाठी जे पक्वान्न पुढे ठेवले ते बहुधा हेच असावे! आपल्या आईच्या रश्श्याला उत्पत्तीच्या पुस्तकात जागा देणारा पाहुणा कोणास आवडणार नाही?

एकदा बादशहाचा मेहुणा आसफखान याने सर टॉमस रो यास मेजवानी दिली. तिघेच जेवावयास बसले होते, आसफखान, रो आणि टेरी, तेही जमिनीवर गालिचा अंथरून, मांडी घालून. पानांत माणसाच्या मानाप्रमाणे पदार्थ: यजमानापुढे साठ, वकिलापुढे दहा अधिक, धर्मोपदेशकापुढे दहा कमी. चांदीच्या लहान लहान पात्रांत पांढरा, केशरी, हिरवा आणि जांभळा असा चार रंगांचा भात होता. टेरीच्या पायांना कळा लागल्या, पण त्याने आपल्यापुढील पन्नासही पदार्थांची चव घेतली. कोणता रंग कशाने आला हे त्याला कळले नाही; सर्व काही चांगले लागले हे मात्र त्याने न विसरता लिहिले. चांगल्या पाहुण्याचे हे पहिले लक्षण आम्ही समजतो. नावे ठेवण्यापूर्वी त्याने चव घेतली, आणि जे आवडले ते आवडले म्हणून मोकळेपणाने सांगितले.

कोर्याटचा गुण निराळा होता. त्याला भाषा येत. फारसीत त्याने इतकी गती मिळविली की १६१६ साली अजमेरला झरोक्याखाली उभे राहून त्याने बादशहापुढे फारसी भाषण केले. बादशहाने खूश होऊन वरून शंभर रुपये टाकले. रो साहेबांना राग आला. इंग्रज मनुष्य बादशहापुढे भीक मागतो, याने आपल्या देशाची नाचक्की होते असे त्यांचे म्हणणे. हिंदुस्थानी बोलीही कोर्याटने हस्तगत केली होती. वकिलाच्या बिऱ्हाडी एक धोबीण होती. तिची जीभ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अखंड चाले. एके दिवशी कोर्याटने तिच्याच भाषेत तिच्याशी सामना मांडला आणि सकाळच्या आठापर्यंत तिला पुरती निरुत्तर केली, असे टेरी गमतीने सांगतो.

हे वाचून हसू येते. परंतु भाषा हे दुधारी हत्यार आहे. याच कोर्याटने आग्र्यास एकदा बांग ऐकून समोरच्या उंच जागेवर चढून तितक्याच मोठ्याने मुसलमानांच्या श्रद्धेविरुद्ध ओरडून उत्तर दिले. आपल्या धर्माचा अभिमान दाखविण्याची ही रीत नव्हे. आशियातील दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हे घडते तर त्याचे प्राणच गेले असते, असे टेरी म्हणतो. पण येथे प्रत्येकास आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती आणि लोकांनी त्याला वेडा समजून सोडून दिले. येथे शोभून दिसले ते यजमानाचे औदार्य. पाहुण्याची भाषा शुद्ध होती, पण तिचा उपयोग अशुद्ध झाला.

सुरतेची आणखी एक आठवण टेरीने लाजेने लिहिली आहे, आणि ती आम्हां ख्रिस्ती लोकांनी फार लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. ज्या बंदरांत इंग्रज व डच खलाशी उतरत तेथील रहिवासी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणत की ख्रिस्ती धर्म हा सैतानाचा धर्म आहे. कारण ख्रिस्ती माणूस फार दारू पितो, फार मारहाण करतो, लोकांस शिव्या देतो. सौदा करताना कोणी फारच कमी किंमत सांगितली तर व्यापारी उलट विचारी, मी तुला फसवावयास काय मी ख्रिस्ती आहे? या लोकांनी शुभवर्तमान वाचलेले नव्हते. त्यांनी ख्रिस्ती माणसे पाहिली होती, आणि त्यांना तेवढाच धर्मग्रंथ वाचावयास मिळाला होता. आपला मुलगा परमुलखात जातो तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे व पुस्तके असतात, पण त्याबरोबर आपल्या कुटुंबाचे, गावाचे आणि श्रद्धेचे नावही तो घेऊन जातो. तेथे कोणी त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहणार नाही. तो वेळेवर कामास येतो की नाही, उधार घेतलेले परत करतो की नाही, पार्टीत कोठे थांबतो, हेच पाहतील.

आणि याच सुमारास, १६१६ सालीच, तिसरा एक इंग्रज आपल्या देशात काय करीत होता ते आमच्या वाचकांस मुद्दाम सांगावयास हवे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशू संघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्या चाळीस वर्षांत त्यांनी येथील बोली इतकी आपलीशी केली की त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. ओवी हा येथील लोकांच्या कानाला आणि जिभेला सरावलेला छंद. तोच त्यांनी घेतला. कोर्याटनेही भाषा शिकली आणि फादर स्टीफन्स यांनीही शिकली. एकाने तिच्यात वाद जिंकला. दुसऱ्याने तिच्यात आपल्याला येथील लोकांचे ऋणी करून घेतले आणि लोकांना आपले ऋणी केले. चार शतके उलटून गेली तरी आपल्या घरांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

कोर्याटचा शेवट करुण आहे. १६१७ साली मांडूच्या मुक्कामात त्याची प्रकृती ढासळली. एके दिवशी मित्रांसमक्ष तो चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर त्याने आपल्या मनातील सल सांगितला: मी आता एकटाच सुरतेकडे जाणार, वाटेत मेलो तर कोठेतरी पुरला जाईन आणि माझे काय झाले हे माझ्या माणसांना कधी कळणारही नाही. तरीही तो निघाला आणि सुरतेस सुखरूप पोहोचला. तेथे वखारीतील इंग्रजांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. नुकतेच विलायतेहून आलेले स्पॅनिश मद्य त्यांच्याकडे होते. त्याचे नाव ऐकताच कोर्याटला मायदेश आठवला आणि त्याने ते मागून घेतले. तो पिणारा मनुष्य नव्हता, थोडेच प्याला. पण त्याला अतिसार झालेला होता, तो या पेयाने बळावला आणि त्याच १६१७ च्या डिसेंबरात त्याने प्राण सोडला. सुवालीजवळ राजगरी येथे एक जुनी घुमटीची कबर आहे. ती कोर्याटची म्हणून दाखविली जाते.

अलेप्पोपासून अजमेरपर्यंत वाटेवरील गोरगरिबांनी दिलेल्या अन्नावर जो जगला, तो मायदेशाच्या ओळखीच्या पेयाने गेला, यात दैवाची केवढी थट्टा! आम्ही यातून एवढाच बोध घेतो की परमुलखात आजारी पडलेल्या माणसाने जिभेच्या ओढीपेक्षा तेथील जाणत्या वैद्याचा सल्ला मानावा, आणि त्याच्या मित्रांनीही प्रेमापोटी भलते हट्ट पुरवू नयेत. मात्र कोर्याटची भीती खोटी ठरली. त्याचे काय झाले ते जगाला कळले, कारण त्याला एक मित्र होता. टेरी १६१९ साली इंग्लंडास परतला, पुढे एका गावचा धर्मोपदेशक झाला आणि आपल्या वृद्धपणी त्याने त्या तंबूसोबत्याची कहाणी जगापुढे ठेवली.

पुढे सुरतेच्या वखारीने काय केले तेही सांगून टाकू. १६९० साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा आणखी एक धर्मोपदेशक तेथे आला. त्या वेळी वखारीत कोवळ्या वयाचे उमेदवार ठेवीत; काही वर्षे उमेदवारी केल्यावर ते कारकून आणि मग व्यापारी होत. सर्वांचे जेवण एकत्र होई, आणि त्या स्वयंपाकघरात तीन आचारी होते: एक इंग्रज, एक पोर्तुगीज आणि एक हिंदी. कोणाच्याही जिभेची उपेक्षा होऊ नये म्हणून ही व्यवस्था. याच ओव्हिंग्टनने नोंदविले आहे की येथील लोक चहात मसाला उकळून डोकेदुखी व पोटदुखीवर घेतात, आणि एरवी खडीसाखर घालून किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात. चहाचे पान चीनचे, मसाला आपला आणि लिहून ठेवणारा इंग्रज! सुरतेने सर्वांनाच आपल्या पंगतीस घेतले.

परंतु पंगत जशी माणसे जोडते तशी तोडावयासही वापरता येते. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी भारतातील कामगारांना तैवानात काम मिळावे यासाठी दोन्हीकडून करार झाला. त्यानंतर तेथील श्रममंत्री बाईंनी एका मुलाखतीत सांगितले की प्रथम ईशान्य भारतातील लोकांस घ्यावे, कारण त्यांचा वर्ण व आहार आमच्याशी जुळता आहे आणि त्यांतील बहुतेक ख्रिस्ती आहेत. त्यावर मोठी टीका झाली आणि मार्च महिन्यात त्यांनी जाहीरपणे क्षमा मागितली. आपल्या धर्माचे नाव शिफारस म्हणून घेतले गेले म्हणून आपण सुखावून जाऊ नये. कातडीचा रंग आणि ताटातील पदार्थ पाहून माणसाची योग्यता ठरवावयाची, ही वृत्ती कोणाच्याही फायद्याची असली तरी चुकीचीच.

आणि हा आरसा आपण स्वतःपुढेही धरावा. सुरतेच्या मागांवर ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले हजारो कामगार राबतात. उधना, लिंबायत या भागांत आपल्या खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे आहेत. आपल्याही गावांतून बांधकामावर, वीटभट्टीवर, बागायतीत दूरदेशीचे मजूर येतात. त्यांच्या डब्यात काय आहे, ते कोणत्या तेलात शिजविलेले आहे, यावरून आपल्या अंगणात कुजबूज होते की नाही? आपल्या मुलाला तैवानात कोणी प्रेमाने जेवावयास बोलवावे अशी जी माता प्रार्थना करते, तिने नाताळच्या दिवशी आपल्या दारच्या झारखंडी मजुराला पाटावर बसविले आहे काय? आम्ही हा प्रश्न कोणाकडे बोट दाखवून विचारीत नाही. प्रत्येक घराने आपल्यापुरते उत्तर द्यावे.

आता जाणाऱ्या मुलामुलींस चार सूचना करून हा लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट, जाण्यापूर्वी तेथील भाषेतील वीस-पंचवीस शब्द तरी पाठ करावेत: नमस्कार, आभार, क्षमा करा, पाणी, पुरे. मोडक्यातोडक्या बोलीतील आभाराचा शब्द शुद्ध इंग्रजीपेक्षा लवकर काळजापर्यंत पोहोचतो.

दुसरी गोष्ट, पुढे आलेले अन्न चाखून पाहावे. प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठविताना हीच आज्ञा दिली होती की ज्या घरी तुमचे स्वागत होईल तेथे तुमच्यापुढे वाढतील ते खावे. ती आज्ञा तोंडाची चव भागविण्यासाठी नव्हती. यजमानाचा मान राखण्यासाठी होती. जे प्रकृतीस किंवा व्रतास चालत नाही ते हात जोडून नाकारावे. नाक मुरडून नाकारू नये. मद्याच्या बाबतीत मात्र कोणाच्या आग्रहाला भुलू नये. सुरतेच्या लोकांनी चारशे वर्षांपूर्वी काय म्हटले होते ते आठवावे.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. तैवानात घरोघरी पूर्वजांच्या नावाने पाटी असते आणि नववर्षाला त्यांच्यापुढे वंदन करतात. ख्रिस्ती पाहुण्याने काय करावे? या प्रश्नावर ख्रिस्तसभेत दीर्घकाळ वाद झाला. १७४२ साली परमगुरू चौदावे बेनेडिक्ट यांनी अशा विधींना मनाई केली. पुढे १९३९ साली परमगुरू बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, मृतांच्या स्मृतीपुढे मान लवविणे हा नागरी आदर आहे, असे म्हणून रोमने त्यास मोकळीक दिली. १९७१ साली तर तैपेई येथे कार्डिनल यू पिन यांनी स्वतः पूर्वजवंदनाचा सोहळा केला. आपण दोन नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्यांना हे समजावयास कठीण जाऊ नये. तेव्हा आदर दाखवावा, शंका पडल्यास तेथील धर्मगुरूंस विचारावे, आणि रविवारची मिस्सा चुकवू नये. बेटाच्या दक्षिणेस पिंगतुंग भागात वानचिन या खेड्यात १८७० साली बांधलेले निष्कलंक मातेचे मंदिर आहे. १९८४ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. आपल्याच गावासारखे शेतकऱ्यांचे गाव आहे. सवड काढून तेथे जाऊन यावे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि मुले नेमकी तीच विसरतात. बरोबर गेलेल्या सोबत्याची काळजी घ्यावी. तो तापाने पडला तर त्याच्या उशाशी बसावे; तो वाट चुकत असेल तर त्याला एकांतात सांगावे. आणि दर आठवड्यास घरी खुशाली कळवावी. कोर्याटला आपली खबर घरी पोहोचणार नाही ही भीती मरणापेक्षा मोठी वाटली. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आईला लांबलचक वर्णन नको असते. आज काय खाल्ले एवढे सांगितले तरी तिला मुलाचे सारे क्षेम कळते.